घटस्फोटित सीएनआय वर आणि कॅथलिक वधू : चर्चचा नियम नेमका काय म्हणतो?

शाळामास्तरीण (धागा काढणारी)

नमस्कार. मी सोलापुरात एका शाळेत शिकवते, वय ३३, जन्माने आणि मनानेही कॅथलिक. ज्यांच्याशी माझे लग्न ठरू घातले आहे ते सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ह्या प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासद असून रेल्वेत नोकरीला आहेत. त्यांचे पहिले लग्न २०१४ साली नगरला, मुलीच्या गावच्या सीएनआय चर्चमध्ये, पाळकांच्या हातून झाले होते. २०२० मध्ये परस्परसंमतीने कोर्टातून घटस्फोट झाला. त्या लग्नाची एक मुलगी आहे, ती आईजवळ नगरला असते.

मागच्या महिन्यात आम्ही दोघे फादरांना भेटायला गेलो. कोर्टाचा हुकूमनामा आणि दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले पुढे ठेवले की लग्नाची तारीख मिळेल, अशी आमची समजूत होती. गड्ड्याची यात्रा उरकल्यावरचा एक शनिवार मनाशी धरून हॉलवाल्याकडे चौकशीसुद्धा करून ठेवली होती. फादरांनी कागद शेवटपर्यंत वाचले, हुकूमनाम्याची घडी जशी होती तशी परत घातली आणि म्हणाले, "हा कागद लागेल, पण एवढ्यावर भागणार नाही." पहिला विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय चर्चच्या ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या न्यायासनाने, दिल्याशिवाय त्यांना आमची तारीख लिहून घेता येत नाही, असे त्यांनी सांगितले. बोलणे मायेचे होते, पण त्यातून वाट काही दिसेना.

बाहेर आल्यावर ह्यांनी मला जो प्रश्न विचारला तोच इथे मांडते. "मी कॅथलिक नव्हतो, ती कॅथलिक नव्हती आणि लग्न तुमच्या चर्चमध्ये लागले नव्हते. मग त्या लग्नाशी तुमच्या चर्चचा संबंध काय?" मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी समजावून सांगावे.

पार्कचौक

एवढे अवघड काही नाही. त्यांना आधी कॅथलिक करून घ्या, म्हणजे जुने सगळे पुसले जाईल. आमच्या नात्यात असेच झाले होते.

सेमिनरी_सोडलेला

पार्कचौक, तुमच्या नात्यात काय झाले ते मला माहीत नाही, पण ही समजूत चुकीची आहे आणि ती ऐकून कोणी धर्मांतर करू नये, म्हणून आधी तिचे उत्तर देतो. बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट मनुष्य कॅथलिक झाला तरी त्याचे आधीचे विवाहबंधन सुटत नाही. तो ज्या अवस्थेत येतो, त्याच अवस्थेत कॅथलिक होतो. केवळ लग्नासाठी श्रद्धा बदलायला लावणे तर दोन्ही चर्चना मान्य नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. (मी पुण्याच्या सेमिनरीत काही वर्षे होतो, फादर झालो नाही, संसारी आहे. तेव्हा माझे म्हणणे शेवटचा शब्द समजू नये.) सध्याचा चर्चचा कायदा १९८३ चा आहे. त्याच्या ११०८ आणि १११७ ह्या कलमांप्रमाणे वधूवरांपैकी एक जरी कॅथलिक असेल तर लग्न अधिकार असलेल्या धर्मगुरूसमोर किंवा डीकनसमोर आणि दोन साक्षीदारांदेखत लागले पाहिजे. हे बंधन फक्त कॅथलिकांवर आहे. दोन प्रॉटेस्टंट आपल्या पाळकांसमोर किंवा नुसते रजिस्ट्रारसमोर उभे राहिले, तरी कॅथलिक चर्च ते लग्न खरे मानते. कलम १०६० असे सांगते की, उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक विवाह वैधच समजायचा. त्याहीपुढे, दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तो वैध विवाह आपोआप साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, ठरतो, हे कलम १०५५ मध्ये आहे. मग तो कॅथलिक वेदीसमोर झालेला असो वा नसो.

म्हणजे अडचण नेमकी उलट्या बाजूने येते. नगरच्या त्या लग्नाला आपले चर्च कमी लेखत असते, तर फादरांनी त्याच दिवशी तारीख दिली असती. ते लग्न आपल्या लग्नाइतकेच पक्के मानले जाते, म्हणूनच कोर्टाच्या कागदाने ते सुटत नाही. कलम १०८५ म्हणते की, आधीच्या विवाहबंधनात असलेल्या व्यक्तीचा दुसरा विवाह अवैध आहे आणि आधीचे लग्न कोणत्याही कारणाने निरर्थक ठरण्यासारखे असले तरी ती गोष्ट रीतसर व खात्रीने सिद्ध झाल्याखेरीज दुसरे लग्न लावता येत नाही. फादरांचे हात ह्या दुसऱ्या वाक्याने बांधलेले आहेत. हॉलचा ॲडव्हान्स देऊ नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. त्यांच्या पहिल्या पत्नीचा बाप्तिस्मा कोठे झाला होता? ती जर लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली असेल आणि सूट न घेता सीएनआय चर्चमध्ये लग्न लागले असेल, तर ते कॅथलिकांच्या विधिनियमाबाहेरचे लग्न ठरते. मग खटला चालवावा लागत नाही, कागदपत्रांवरच निकाल होतो.

पाळकाचा_मुलगा

आमचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापुरात आहे आणि १९७० साली नागपुरात सीएनआयची स्थापना झाल्यापासून आम्ही तिच्यात आहोत. वरचा खुलासा वाचून बरे वाटले आणि खुपलेही. आमचे लग्न तुम्ही खरे मानता, पण आमच्या पाळकांनी आणि बिशपांनी विचार करून एखाद्या घटस्फोटिताला पुन्हा लग्नाची मोकळीक दिली तर ती मानत नाही. लग्न लावण्यापुरते आमचे चर्च चर्च, आणि पुढे नाही, असे का? मत्तयाच्या १९ व्या अध्यायात प्रभू येशूनेच जारकर्माचा अपवाद सांगितला आहे, तो तुमच्या कायद्यात कोठे गेला?

सेमिनरी_सोडलेला

दादा, प्रश्न रास्त आहे. मत्तयाचे ते वाक्य प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स परंपरा तुम्ही म्हणता तसे वाचतात. मार्कच्या १० व्या अध्यायात आणि लूकच्या १६ व्या अध्यायात तो अपवाद नाही आणि कॅथलिक परंपरेने त्या दोन जागांच्या प्रकाशात मत्तयाला वाचले आहे : पत्नीला दूर ठेवण्याची मुभा असेल, दुसरी करण्याची नाही. कलम ११४१ प्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा, शरीरसंबंधाने पूर्णत्वाला गेलेला विवाह मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. त्यात आमचे बिशप आले, पोपही आले. तेव्हा तुमच्या बिशपांना अधिकार नाही असे म्हणताना आम्ही तो स्वतःच्याही बिशपांना देत नाही. हे ऐकून तुमचे समाधान होईल असे नाही. माझे व्हायलाही काही वर्षे लागली.

केरळहून_सोलापूरला

माझ्या नात्यातला एक मुलगा ऑर्थोडॉक्स आहे. त्याला त्याच्या चर्चने दुसऱ्या लग्नाची परवानगी दिलेली आहे. त्यालाही हेच लागू होईल का?

सेमिनरी_सोडलेला

होय. ती परवानगी कॅथलिक चर्च पहिले बंधन सुटल्याचा पुरावा मानत नाही. फरक एवढाच की, ऑर्थोडॉक्स लोकांच्या लग्नाला धर्मगुरूचा आशीर्वाद हा त्यांच्याच कायद्याप्रमाणे अत्यावश्यक आहे. दोन ऑर्थोडॉक्स व्यक्तींनी नुसते रजिस्टर लग्न केले असेल तर ते वैध धरले जात नाही. प्रॉटेस्टंटांचे रजिस्टर लग्न मात्र वैध धरले जाते.

काळाकोट_सोलापूर

कायद्याची बाजू सांगतो, कारण ह्यात लोक नेहमी गल्लत करतात. ट्रिब्युनलचा निर्णय आणि कोर्टाचा हुकूमनामा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट १८६९ च्या कायद्याखाली होतो. परस्परसंमतीची सोय त्यात २००१ च्या दुरुस्तीने आली. चर्चच्या न्यायासनाने दिलेला निर्णय कोर्टाच्या घटस्फोटाच्या बरोबरीचा मानावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. म्हणून नुसत्या ट्रिब्युनलच्या कागदावर दुसरे लग्न करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकू शकतो. ताईंच्या बाबतीत कोर्टाचे काम झालेले आहे. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत तेवढी हाताशी ठेवावी.

मग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन लग्न का करू नये, असे कोणीतरी विचारीलच. कायद्याने ते पूर्ण वैध होईल. चर्चच्या लेखी होणार नाही.

सेमिनरी_सोडलेला

बरोबर, आणि त्याचे कारण दुहेरी आहे : पहिले बंधन आहेच, शिवाय ताई कॅथलिक असल्यामुळे विधिनियमही पाळला गेला नाही असे होईल. त्यानंतर त्यांच्या परमप्रसादाचाही (कम्युनियनचाही) प्रश्न उभा राहील. नुसत्या घटस्फोटाने परमप्रसाद बंद होतो, ही एक सार्वत्रिक गैरसमजूत आहे. अडचण पुढच्या लग्नाने येते.

शाळामास्तरीण

सर्वांचे आभार. पहिल्या पत्नीबद्दल मी त्यांना विचारले. त्या कॅथलिक नव्हत्या. त्यांचे वडील मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती पंथात) अधिकारी होते आणि सगळे घर मुक्तिफौजेचेच. ह्याने काही फरक पडतो का? विचारताना मला चमत्कारिक वाटत होते. परक्या बाईच्या बाप्तिस्म्याची चौकशी आपण कोणत्या तोंडाने करतो, असे मनात येत होते.

सेमिनरी_सोडलेला

फार मोठा फरक पडतो. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा देत नाहीत. निष्ठावान ख्रिस्ती घराणी, पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणारी, पण पाण्याचा संस्कार नाही. त्यामुळे लग्नाच्या वेळी त्यांचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर ते लग्न वैध असले तरी साक्रामेंत नव्हते. अशा विवाहाचे बंधन श्रद्धेच्या हितासाठी पोप सोडवू शकतात. त्या प्रकरणाची चौकशी धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील विभागात, होते आणि कागद रोमला जातात. त्याच्या अटी २००१ च्या नियमांत दिलेल्या आहेत : दोघे पुन्हा एकत्र येण्याची शक्यता उरलेली नसावी, आणि संसार मोडण्याचे कारण केवळ किंवा मुख्यतः अर्जदार नसावा. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसता तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील ७ व्या अध्यायावर आधारलेला आणखी वेगळा मार्ग असतो, पण तो येथे लागू नाही.

"सगळे ख्रिस्ती सारखेच" असे आपण सहज बोलून जातो. ह्या बाबतीत मात्र कोणत्या मंडळीत पाणी कसे आणि कोणत्या शब्दांनी ओतले गेले, त्यावर सारे अवलंबून असते. सीएनआय, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट ह्यांचा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानते. केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकोस्टल मंडळ्या आहेत, तेथे तो मानला जात नाही. तेव्हा नगरच्या चर्चमधले रजिस्टर पाहा. सीएनआयमध्ये लग्न लावताना पाळकांनी काय केले, हे त्यातच कळेल.

शाळामास्तरीण

ते रविवारी मुलीला भेटायला नगरला गेले होते, तेव्हा चर्चमध्येही गेले. पाळकांनी २०१४ चे रजिस्टर काढले. लग्नाच्या सोळा दिवस आधी त्यांच्या पहिल्या पत्नीचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाल्याची नोंद आहे, निळ्या शाईत, खाली पाळकांची सही आणि साक्षीदार म्हणून ह्यांचीच सही. ते हे विसरूनच गेले होते. फोनवर म्हणाले, "मीच सही केली आहे गं, आणि मीच शोधत होतो की ती नसावी." पुढे दोघेही काही बोललो नाही.

म्हणजे रोमचा मार्ग बंद झाला ना?

सेमिनरी_सोडलेला

बंद झाला. लग्नाच्या दिवशी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला होता, म्हणजे साक्रामेंत. आता उरला तो नेहमीचा मार्ग : विवाह मुळात अवैध होता का, ह्याची ट्रिब्युनलपुढे तपासणी.

ह्यात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अर्जदार तुम्ही नाही, ते आहेत. कॅथलिक नसलेल्यालाही कलम १४७६ प्रमाणे चर्चच्या न्यायासनापुढे दाद मागता येते आणि त्यांना कॅथलिक व्यक्तीशी लग्न करायचे असल्यामुळे ट्रिब्युनल हे प्रकरण ऐकू शकते. दुसरे, लग्न जेथे झाले तेथील, किंवा दोघांपैकी कोणी जेथे राहते तेथील ट्रिब्युनल चालते, तसेच बहुतेक पुरावा जेथे मिळणार तेथीलही. नगर नाशिक धर्मप्रांतात येते आणि सोलापूर पुणे धर्मप्रांतात, तेव्हा फादरांना विचारून सोयीचे पाहा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संसार का मोडला, हा तेथील प्रश्न नाही. "आय डू" म्हणताना, म्हणजे आपल्याकडे पाळकांनी "तुला ही मान्य आहे का" असे विचारले त्या क्षणी, संमती खरी होती का, हा प्रश्न आहे. मुले होऊ द्यायचीच नाहीत असे एकाने मनात पक्के केले होते का. फसवणूक झाली होती का. धाक किंवा मोठी भीती होती का. लग्न म्हणजे काय हे तोलण्याची कुवत किंवा ते निभावण्याची मानसिक ताकद त्या वेळी गंभीरपणे उणी होती का. कलम १०९५ पासून ११०३ पर्यंत ही कारणे आहेत. नंतरची भांडणे पुरावा म्हणून येतात, कारण म्हणून नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये ह्या कार्यपद्धतीत बदल केले. ते त्या वर्षीच्या ८ डिसेंबरपासून लागू झाले. पूर्वी अनुकूल निर्णयावर दुसऱ्या न्यायासनाचे शिक्कामोर्तब सक्तीचे होते, ते आता नाही. दोघेही एकत्र अर्ज करीत असतील किंवा दुसऱ्याची संमती असेल आणि पुरावा उघड असेल, तर खुद्द बिशप निर्णय देतील असा छोटा मार्गही आहे. तो प्रत्येकाला मिळत नाही.

हुतात्माने_पुणे

मी ह्यातून गेले आहे, अर्जदार म्हणून. कोणत्या ट्रिब्युनलपुढे ते सांगत नाही. आधी एक प्रश्नावली मिळते आणि तिची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची असतात : घरात आईवडिलांचे कसे होते, पहिली भेट कोठे झाली, लग्न कोणी ठरवले, साखरपुड्यानंतर मोडावेसे वाटले होते का, पहिल्या महिन्यात काय झाले. माझी उत्तरे पाठपोट सतरा पाने झाली. मग सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन साक्ष दिली. एक फादर प्रश्न विचारीत होते आणि कोपऱ्यात एक बाई सगळे टाईप करीत होत्या. समोर नवरा नव्हता, ही माझी मोठी भीती तेथे गेल्यावर गेली. दोघांना वेगवेगळे बोलावतात. त्याला नोटीस गेली होती, तो आला नाही, तरी काम अडले नाही.

विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी नेमलेला असतो. लग्न वैधच होते असे जे जे म्हणता येईल ते मांडणे, हेच त्याचे काम. त्याचे टिपण वाचताना मला राग आला होता. कायद्यात पहिल्या न्यायासनाचे काम वर्षभरात संपावे असे आहे, माझे चौदा महिन्यांत संपले. साक्षीदार मात्र विचारपूर्वक द्या. लग्नाआधीपासून तुम्हाला ओळखणारी माणसे हवीत. नंतर शेजारी राहायला आलेल्या मैत्रिणीने कितीही कळवळून सांगितले तरी तिचा उपयोग थोडाच होतो.

आणि निकाल अनुकूलच लागेल असे धरून चालू नका.

शाळामास्तरीण

तुमचे लिहिणे त्यांना वाचून दाखवले. त्यावर त्यांनी जे विचारले, ते त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून असावे. विवाह अवैध ठरला, तर त्यांची मुलगी काय ठरणार? ती दहा वर्षांची आहे. उद्या कोणी तिला सांगितले की तुझ्या आईबापांचे लग्नच नव्हते, तर? "तिच्या जिवावर मला दुसरे लग्न नको," असे ते म्हणाले.

सेमिनरी_सोडलेला

त्यांना कलम ११३७ दाखवा. वैध किंवा वैध समजल्या गेलेल्या विवाहातून झालेली मुले औरसच असतात. दोघांपैकी एकाने जरी ते लग्न प्रामाणिकपणे खरे समजून केले असेल तरी तेवढे पुरते. निर्णय काहीही लागो, मुलीच्या नावाला, वारशाला किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीला धक्का लागत नाही.

काळाकोट_सोलापूर

सरकारी कायद्यातही ट्रिब्युनलच्या निर्णयाने काही बदलत नाही. कोर्टाने ते लग्न घटस्फोटाने संपवले आहे, रद्द केलेले नाही. पोटगी, मुलीचा खर्च, भेटीचे दिवस हे सारे हुकूमनाम्याप्रमाणे चालू राहील.

सेमिनरी_सोडलेला

त्याला चर्चचीही पुस्ती आहे. आधीच्या जोडीदाराविषयी किंवा मुलांविषयी ज्याच्यावर जबाबदाऱ्या आहेत, त्याचे लग्न धर्मप्रांताच्या परवानगीशिवाय लावू नये असे कलम १०७१ सांगते. तेव्हा मुलीचा खर्च वेळेवर जातो ना, हे फादर विचारतील. विचारले तर वाईट वाटून घेऊ नये.

ट्रिब्युनलचा निर्णय अनुकूल लागल्यावर एक पायरी उरेल : मिश्रविवाहाची परवानगी, कलम ११२४ आणि ११२५. तिच्यात तुम्ही स्वतःची श्रद्धा जपण्याची तयारी दाखवायची आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे म्हणून आपल्याकडून होईल ते सर्व करण्याचे मनापासून वचन द्यायचे. ते वचन त्यांनी द्यायचे नसते, तुम्ही दिले आहे हे त्यांना माहीत असावे लागते. त्यांच्या पाळकांना लग्नाला बोलावून प्रार्थना करायला सांगता येते. एकाच दिवशी दोन चर्चमध्ये दोनदा लग्न लावता येत नाही.

पाळकाचा_मुलगा

माझे मत बदललेले नाही. पण नगरच्या मंडळीतील जुन्या माणसांना मी ओळखतो. २०१४ च्या लग्नाला हजर असलेले कोणी साक्षीसाठी हवे असेल तर ताईंनी मला निरोप पाठवावा.

शाळामास्तरीण

दादा, निरोप पाठवला आहे.

प्रश्नावली काल मिळाली. संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली तरी लिहीतच बसले. सुरुवातीचे प्रश्न भराभर झाले. "विवाहाची तारीख कोणी ठरवली आणि का?" ह्या प्रश्नापाशी ते थांबले. त्यांचे वडील तेव्हा दवाखान्यात होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावे म्हणून स्थळ पाहिल्यापासून अडीच महिन्यांत लग्न उरकले होते, एवढे मला माहीत होते. साखरपुड्याच्या आदल्या रात्री ते नगर स्टेशनवर जाऊन परतीचे तिकीट काढून बसले होते आणि मोठी बहीण त्यांना शोधून घरी घेऊन आली, हे मला माहीत नव्हते. त्यांनी ते मला सांगितले नाही, कागदावर लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ह्याला कायद्यात किती वजन आहे ते ट्रिब्युनल ठरवील. मोठ्या बहिणीने साक्षीला होकार दिला आहे. दुसरे नाव अजून ठरायचे आहे. रेषांचे कागद संपले म्हणून आज शाळेतून येताना नवी पेठेतून आणखी एक दस्ता आणला.